शंभर मोहरांची होडी

"शंभर मोहरा म्हणजे काय, चार दिवसांचं काम!" रविवारी सकाळी फोन खाली ठेवता ठेवता रंभाजी डॉक्टरांनी जाहीर केलं. त्या चार दिवसांचे पुढे तीन आठवडे झाले. त्या तीन आठवड्यांत डॉक्टर दोनदा वारले, एकदा लोकांनी त्यांना देव ठरवलं आणि एका सकाळी साठ माणसांच्या जेवणाची सोय त्यांच्या गळ्यात पडली. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगावं लागतं.

रंभाजी तसे खरे डॉक्टर नव्हेत. जिल्हा परिषदेच्या जनावरांच्या दवाखान्यात ते पशुधन पर्यवेक्षक होते. नोकरीच्या पस्तीस वर्षांतली बरीचशी पारनेर तालुक्यात गेली. अडलेली गाय सोडवणारा, शेळीची पोटफुगी उतरवणारा माणूस म्हणजे डॉक्टरच, असं गावोगावच्या लोकांनी ठरवून टाकलं होतं, आणि रंभाजींनी कुणाचं मत बदलायचा प्रयत्न केला नाही. मूळ गाव तिसगाव. निवृत्त झाल्यावर ते नगरच्या सावेडीत बैठं घर बांधून राहिले. घरात ते आणि भागिरथीबाई. एकुलती एक लेक सायली पुण्यात कॉम्प्युटर शिकली आणि सन दोन हजार उजाडल्यावर जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडू नयेत म्हणून अमेरिकेला गेली. एवढं मोठं काम आपल्या मुलीवर सोपवलंय याचा डॉक्टरांना अभिमान होता, आणि ती तिथे कशी राहते हे आपल्याला काडीइतकंही ठाऊक नाही याची रुखरुख होती.

सायलीचा फोन दर रविवारी सकाळी यायचा. तिच्याकडच्या कार्डावर दहा मिनिटं बोलता यायचं. त्यातली नऊ भागिरथीबाई घ्यायच्या. रिसीव्हर डॉक्टरांच्या हातात येईपर्यंत "बरी आहेस ना?" एवढंच विचारायला वेळ उरायचा आणि उत्तराआधी फोन तुटायचा. आठ महिने हे असंच चाललं होतं.

एके रविवारी भागिरथीबाई फोन ठेवून सहज म्हणाल्या, "सायलीनं घर बांधलंय म्हनं."

डॉक्टरांच्या हातातला पेपर खाली आला. घर? आठ महिन्यांत? आणि बापाला न विचारता?

"कुठं बांधलंय?"

"कॉम्प्युटरात," भागिरथीबाई म्हणाल्या आणि भाकरी करायला आत गेल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. डॉक्टरांच्या दृष्टीने तो नुकता कुठे सुरू झाला होता. कॉम्प्युटरात घर बांधायचं म्हणजे पाया कशात घ्यायचा, हा विचार त्यांनी आठवडाभर केला.

पुढच्या रविवारी फोन वाजताच तो त्यांनी उचलला आणि सोडला नाही. भागिरथीबाई शेजारी उभ्या राहून दंडाला चिमटे काढत होत्या, तरी सोडला नाही. सायलीने सांगितलं ते असं: इंटरनेटवर एक दुनिया आहे. तिथे चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. पण त्या अक्षरांत गाव आहे, बाजार आहे, नदी आहे, आणि देशोदेशीचे लोक तिथे नाव घेऊन वावरतात, एकमेकांशी बोलतात. संध्याकाळी खोलीवर एकटं वाटतं म्हणून ती मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवरून तिथे जाते. नदीपलीकडे तिने घर बांधलंय.

"तुम्ही या की बाबा बघायला," सायली म्हणाली. "फक्त नवीन माणूस अलीकडच्या काठावर उतरतो. होडीवाला शंभर मोहरा घेतो. थांबा, मीच पाठवते, माझ्याकडे दोन हजार आहेत."

"लेकीच्या पैशानं लेकीच्या घरी यायचं? माणसं शेण घालतील माझ्या तोंडात."

"मग मी येते नदी ओलांडून अलीकडे."

"तू आलीस तर घर कसं दिसंल मला?"

सायलीने मग एक अडचण सांगितली. जूनअखेर तिचं काम दुसऱ्या शहरात जाणार होतं, मैत्रिणीचा कॉम्प्युटर मागे राहणार होता. आणि महिनाभर मालक फिरकला नाही तर त्या दुनियेत घर पाडून जागा दुसऱ्याला देतात. हातात तीन रविवार होते. तिसऱ्या रविवारी आपल्याकडच्या सकाळी आठ ते साडेनऊ ती त्या घरात थांबेल. त्याआधी कामाचा रेटा आहे, जमणार नाही. तेव्हा शंभर मोहरा म्हणजे काय, असं डॉक्टर म्हणाले, ते इथे.

त्या वेळी सावेडीत इंटरनेट होतं ते विजयमालाबाईंच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. पुढे वीस टाइपरायटर खडखडत असायचे आणि मागे पडद्याआड तीन कॉम्प्युटर. पन्नाशीच्या विजयमालाबाईंनी सावेडीच्या निम्म्या कारकुनांना टायपिंग शिकवलं होतं, आणि पाठीला पोक काढून बसलेला माणूस त्यांना खपत नसे, मग तो बावीस वर्षांचा असो की साठीचा. त्यांनी डॉक्टरांना स्टुलावर ताठ बसवलं, फोनच्या तारेतून अंडं घालणाऱ्या कोंबडीसारखा कलकलाट झाला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. डॉक्टर एका जुन्या गावाच्या वेशीत उभे होते. नाव विचारलं, त्यांनी RAMBHAJI असं दिलं. खिशात, पडद्याने सांगितलं, काहीही नव्हतं.

वेशीत नवीन आलेल्यांसाठी एक पाटी होती. खाणावळीच्या तळघरातले उंदीर मारा, शेपटीला दोन मोहरा. रानातून अळंबी आणा, टोपलीला चार. कुरणातल्या मेंढ्या कातरा, लोकरीच्या गाठोड्याला पाच. नाहीतर कुणाच्या शेतावर मजुरी करा. डॉक्टरांनी पाटी दोनदा वाचली आणि त्यांना फार बरं वाटलं. हे तर ओळखीचंच गाव होतं.

ते आधी खाणावळीत गेले. उंदीर मारण्यापूर्वी एवढे उंदीर होतातच का, हे जाणून घेणं त्यांना शास्त्राला धरून वाटलं. डॉक्टरांचं इंग्रजी हे जिल्हा परिषदेच्या पत्रव्यवहाराचं इंग्रजी. त्या इंग्रजीत त्यांनी खाणावळवाल्याला सविनय विचारलं, की धान्य जमिनीवर ठेवता का, भिंतीला बिळं आहेत का, मांजर आहे का. खाणावळवाला म्हणाला, शेपटीला दोन मोहरा, मित्रा. डॉक्टरांनी प्रश्न फिरवून विचारला. खाणावळवाला म्हणाला, शेपटीला दोन मोहरा, मित्रा. असं अर्धा तास चाललं. शेवटी विजयमालाबाई मागून येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, तो माणूस नाहीये. मशीन आहे ते. त्याला तेवढंच येतं."

"मॅडम, आमच्या ऑफिसात असे चार होते," डॉक्टर म्हणाले, "आणि ती माणसंच होती."

मग ते तळघरात उतरले. खाली काय झालं ते सांगण्यासारखं नाही. उंदीर चावला. पडद्याने कळवलं की आपण मेला आहात. डॉक्टर एका देवळात जागे झाले, पुन्हा उतरले, पुन्हा चावला.

"आज दोनदा मेलो," घरी आल्यावर त्यांनी चपला काढता काढता सांगितलं.

भागिरथीबाईंनी मान वर न करता मोरीकडे बोट केलं. "मंग आंघोळ करूनच आत या."

अळंबीचा विषय एका मिनिटात मिटला. डोळ्यांनी बघितल्याशिवाय अळंबी तोडायची नाही, हे तिसगावचं शेंबडं पोर सांगेल, आणि इथे तर सगळी अक्षरंच होती. राहिल्या मेंढ्या. तिथे डॉक्टरांचा अधिकार चालणार होता. कुरणात बावीस मेंढ्या होत्या. त्यांनी पहिल्या मेंढीचं तोंड बघायची आज्ञा दिली. पडद्याने सांगितलं, विशेष काही दिसत नाही. खूर बघितला. विशेष काही दिसत नाही. असल्या तपासणीने डॉक्टर चिडले, पण मेंढीला काही विचारायची सोय नव्हती. मुख्य अडचण वेगळीच निघाली. कातरायला कात्री लागते आणि कात्रीला दहा मोहरा पडतात. ज्याच्याकडे मोहरा नाहीत त्याने मोहरा मिळवायला मोहरा आणायच्या, हा कारभार डॉक्टरांना सरकारी योजनेसारखा वाटला.

कुरणाला लागून सलगमाचं शेत होतं. मालकाचं नाव ग्रिमटूथ. हा मात्र खरा माणूस होता, कुठल्यातरी परदेशात बसून खेळणारा. त्याने डॉक्टरांना विचारलं, तण काढशील का, तीन मोहरा देतो. डॉक्टरांनी तण काढलं. तीन मोहरा समोर आल्या. आणि इथे, जे दुसऱ्या कुठल्याही खेळाडूला सुचलं नसतं, ते डॉक्टरांना सुचलं. त्यांनी मोहरा परत केल्या.

विजयमालाबाईंनी कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी त्यांना समजावलं. मजुरीला गेलं की तीन मोहरा मिळतात आणि माणूस मजूर ठरतो. तिसगावला कुणी असं करत नाही. तिथे सावड असते. आज मी तुझ्या शेतात, परवा तू माझ्या शेतात, पैशाचं नाव काढायचं नाही. दहा जणांकडे एकेक दिवस राबलं की एका दिवशी दहा जण आपल्याकडे येतात आणि महिन्याचं काम जेवणाच्या आत उरकतं. एकट्याने मेंढ्या कातरून शंभर मोहरा कधी होणार? त्यापेक्षा दहा जण उभे केले, की एका सकाळी काम फत्ते. हिशोब इतका सरळ होता की विजयमालाबाईंनाही पटला. त्या पारनेरच्या. त्यांच्या माहेरी कांद्याची लागण सावडीवरच व्हायची.

फक्त एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. सावड म्हणजे काय हे समोरच्यालाही ठाऊक असावं लागतं.

डॉक्टर रोज दुपारी यायचे, ताठ बसायचे आणि त्या दुनियेत राबायचे. ग्रिमटूथची सलगमं झाली. लेडी मॉस नावाच्या बाईच्या विहिरीचं पाणी ओढलं. ही बाई कॅनडात बस चालवत होती आणि तिला तिथल्या थंडीबद्दल डॉक्टरांनी एवढे प्रश्न विचारले की पाणी ओढायचं राहून जायचं. कुणाचं हरवलेलं तट्टू शोधून आणलं आणि त्याच्या टाचेला काय लावायचं तेही न विचारता सांगितलं. दोन आठवड्यांत अकरा जणांची कामं झाली. प्रत्येकाने मोहरा पुढे केल्या, प्रत्येकाला डॉक्टरांनी तेच कळवलं: पैसे नकोत. सत्तावीस जूनला सकाळी, भारतीय वेळेनुसार सात वाजता, कुरणात यावे. येताना कात्री आणावी.

आता तुम्ही त्या लोकांच्या जागी बसून बघा. जिथे नवीन आलेला माणूस एका मोहरेसाठी उंदराशी झोंबतो, तिथे एक फाटका इसम येतो, दिवसभर राबतो, दमडी घेत नाही, आणि जाताना एक तारीख सांगून जातो. लोकांत कुजबुज सुरू झाली. ही दुनिया ज्यांनी लिहिली त्यांना तिथे देव म्हणत, आणि ते कधीकधी वेष बदलून लोकांची परीक्षा घेतात अशी बोलवा होती. ग्रिमटूथने एकदा सरळच विचारलं, आपण त्यांच्यापैकी एक आहात का? डॉक्टरांना वाटलं, नोकरीबद्दल विचारतोय. त्यांनी नेहमीच्या पद्धतीने कळवलं, की मी पस्तीस वर्षं सेवेत होतो, गाईगुरांचं खातं माझ्याकडे होतं, आता निवृत्त आहे.

निवृत्त देव ग्रिमटूथने पहिल्यांदाच पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी विजयमालाबाईंनी गावातली फळी वाचून दाखवली. बाजारात कुणीतरी लिहून लावलं होतं: गुरांचा जुना देव परत आला आहे, सत्तावीस तारखेला तो कुरणात प्रकट होईल. डॉक्टरांचा चेहरा उतरला. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी घरातले देव गोणीत भरून विहिरीत सोडले होते, तेव्हापासून घराण्यात कुणी देवाचं नाव घेतलं नव्हतं, आणि आता तिसगावच्या लोकांना काय तोंड दाखवायचं? त्यांनी ताबडतोब त्याच फळीवर खुलासा लिहिला: मी देव नाही. आमच्या घरी देव मानत नाहीत. कृपया नोंद घ्यावी.

देवालाच देव मान्य नाही म्हटल्यावर उरल्यासुरल्यांचीही खात्री पटली.

सत्तावीस जूनला विजयमालाबाईंनी पावणेसातला कुलूप काढलं. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. भागिरथीबाईही आल्या होत्या, नवी नऊवारी नेसून. कॉम्प्युटरातलं का असेना, लेकीचं घर होतं. त्या शेजारच्या खुर्चीवर मांडीत पिशवी घेऊन बसल्या.

कुरणात अकरा जण यायचे होते. साठ आले. नावं वर सरकत सरकत पडद्याबाहेर गेली. सगळ्यांच्या हातात कात्र्या होत्या. डॉक्टरांनी "सुरुवात करावी" एवढंच लिहिलं आणि बावीस मेंढ्यांवर साठ माणसं पडली. त्या दुनियेत कातरलेल्या मेंढीला पाच मिनिटांत पुन्हा लोकर येते. याची कारणमीमांसा करायची डॉक्टरांची फार इच्छा होती, पण वेळ नव्हता. अर्ध्या तासात दीडशेवर गाठोडी झाली आणि प्रत्येकाने आपापलं गाठोडं नेऊन देवाच्या हातात दिलं. डॉक्टर निघाले. पडदा म्हणाला, आपल्या अंगावर ओझं फार झालं आहे, आपण हलू शकत नाही. चार पावलांवरचा बाजार गाठायला त्यांना वीस फेऱ्या कराव्या लागल्या.

बाजारात लोकर घेणारा व्यापारी होता. तोही मशीनच. पहिल्या गाठोड्याला त्याने पाच मोहरा दिल्या, मग चार, मग तीन. माल वाढेल तसा भाव पडायला लागला. नगरच्या बाजार समितीत कांद्याचं असंच होताना डॉक्टरांनी पाहिलं होतं, पण इतक्या भरभर नाही. चाळीस मोहरा हातात पडल्या आणि व्यापारी म्हणाला, आता माझ्याकडे नाणं नाही, उद्या या. उद्या सायली तिथे असणार नव्हती. घड्याळात सव्वाआठ झाले होते.

डॉक्टरांनी घाम पुसला. भागिरथीबाईंनी विचारलं, काय झालं. त्यांनी सगळं सांगितलं: साठ माणसं, दीडशे गाठोडी, चाळीस मोहरा.

"साठ मानसं सकाळधरनं राबत्यात?" भागिरथीबाई म्हणाल्या. "मंग त्यांच्या जेवनाचं काय?"

सावडीला आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची रीत तिसगावात नव्हती, आणि ती मोडायला डॉक्टरांचं मन धजेना. विजयमालाबाई म्हणाल्या, अहो, ती अक्षरं आहेत, त्यांना भूक कसली. पण त्यांनाही ते म्हणताना बरं वाटलं नाही. खाणावळीत दोन मोहरांना तीन पाव मिळत होते. डॉक्टरांनी चाळीस मोहरा मोजून दिल्या, साठ पाव घेतले आणि कुरणात परत येऊन एकेकाला नाव घेऊन वाटले. खिसा पुन्हा पहिल्या दिवसासारखा झाला. बाहेर रविवारची बॅच टाइपरायटर बडवायला लागली होती. आपण इतके दिवस कमावलं काय, तर साठ पाव, असं डॉक्टरांना वाटलं आणि खरोखर वाईट वाटलं.

तेवढ्यात लेडी मॉसने विचारलं, की आजोबा, तुम्हाला मोहरा हव्या होत्या तरी कशाला?

डॉक्टरांच्या पत्रव्यवहाराच्या इंग्रजीत ह्या प्रश्नाला नमुना नव्हता. त्यांनी थोडक्यात लिहिलं: मुलीचं घर नदीपलीकडे आहे. होडीला शंभर लागतात. आज शेवटचा दिवस.

कुरणातून मोहरा येऊ लागल्या. ग्रिमटूथने एकदम पन्नास पुढे केल्या. डॉक्टरांनी त्या परत केल्या. तिघाचौघांनी दिल्या, त्याही परत केल्या. दान नको, असं त्यांनी लिहिलं. विजयमालाबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आता हट्ट नको. साडेआठ होत आले." डॉक्टर हलले नाहीत.

शेवटी वाट काढली ती बस चालवणाऱ्या बाईनेच. मी दान देत नाही, ती म्हणाली, मला लोकर विकत हवी आहे. गाठोडं कसं दिलं? डॉक्टरांचा चेहरा उजळला. विक्री म्हणजे वेगळी गोष्ट. त्यांनी भाव सांगितला, गाठोड्याला एक मोहर, जास्त घेणार नाही. वर प्रामाणिकपणे हेही लिहिलं, की लोकर जाडीभरडी आहे, घोंगडीला चालेल, स्वेटरला नाही. बावीस मेंढ्यांना विनाकारण भादरून झाल्यावर साठ माणसांनी आपणच कातरलेली लोकर रांग लावून आपणच विकत घेतली. कुणी एक घेतलं, कुणी तीन. शंभर भरल्याबरोबर डॉक्टरांनी दुकान बंद केलं आणि राहिलेल्यांतलं एक गाठोडं स्वतःजवळ ठेवलं. पोरीच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं?

होडीत बसले तेव्हा आठ चाळीस झाले होते. मागे काठावर साठ जण "रंभाजी, रंभाजी" असं लिहीत होते. नदी ओलांडायला दोन ओळी लागल्या. पलीकडे उतरून डावीकडे वळायचं, दोन वळणं, आणि फाटक. डॉक्टरांनी फाटक उघडलं आणि घराचं वर्णन पडद्यावर आलं. सायलीनेच लिहिलेलं होतं.

ते मनातल्या मनात वाचू लागले, मग भागिरथीबाईंसाठी मोठ्याने, मराठीत. पुढे अरुंद ओसरी आहे. फरशीचा एक कोपरा फुटलेला आहे, कारण तिथे एकदा गाभण शेळी बांधली होती. दाराशी सीताफळाचं झाड आहे, त्याला फळ येत नाही. खिडकीत औषधांच्या बाटल्या आहेत, जनावरांच्या. आत चुलीजवळ आई आहे, तिचा आवाज ओसरीपर्यंत येतो.

डॉक्टर वाचायचे थांबले. विजयमालाबाई पडद्याशी वाकल्या आणि लगेच दूर झाल्या. दोन रस्ते पलीकडचं घर त्यांनी रोज बघितलेलं होतं.

"ह्ये तर आपलंच हाय," भागिरथीबाई म्हणाल्या. "एवढं पान्यातून जाऊन आपल्याच दारात आलात व्हय?" आणि मग, डोळ्याला पदर लावता लावता, "शेळी बांधल्याचं अमेरिकेत कशाला सांगायचं म्हंते मी."

पोर घर सोडून इतक्या लांब गेली आणि तिथे जाऊन तिने काय बांधलं, तर हे. फुटक्या फरशीसकट. डॉक्टरांना हसू येत होतं आणि अक्षरं धूसर दिसत होती.

"बाबा, आलात?" पडद्यावर सायलीची ओळ उमटली. "या, बसा ना. ओसरीवर तुमची खुर्ची आहे."

डॉक्टरांनी लोकरीचं गाठोडं लेकीच्या हातात दिलं, एका बोटाने अक्षरं शोधत शोधत खुर्चीत बसण्याची आज्ञा लिहिली आणि पाठ ताठ केली. पडद्याने उत्तर दिलं: ही खुर्ची BABA यांच्यासाठी राखीव आहे. RAMBHAJI यांना इथे बसता येणार नाही.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पडद्याने पुन्हा तेच सांगितलं.

पलीकडून सायलीच्या भराभर ओळी आल्या. थांबा बाबा, माझीच चूक, घर बांधल्यापासून कुणालाही त्या खुर्चीत बसू दिलं नाही मी, खेळाला तुमचं खरं नाव सांगायचंच राहिलं, दोन मिनिटांत बदलते.

"राहू दे," डॉक्टरांनी लिहिलं. "बदलू नकोस. मी उभाच बरा."

आणि लेकीच्या ओसरीवर डॉक्टर उभ्या उभ्या बोलले. आठ महिन्यांचं साचलेलं होतं, वर मीटर नव्हतं, कार्ड संपायची भीती नव्हती. बरी आहेस ना, असं त्यांनी विचारलं. हो, बाबा. जेवतेस ना वेळेवर? हो, बाबा. पाऊस आहे का तिकडे? नाही, ऊन आहे. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. विजयमालाबाईंनीही एकदोन सुचवले. चार मिनिटं तशीच गेली.

मग त्यांनी "आईला देतो" असं लिहिलं आणि स्टूल सोडून उठले.